धाकटीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, मोटारीचा. त्यातही पुढचा, चालवणाऱ्याच्या बाजूचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मागच्या दरवाजांशी माझी गल्लत केलेली मला मुळीच खपत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, नुसत्या दरवाजाची कसली आलीय जीवनकहाणी? सबंध मोटार बोलली असती तर ऐकलंही असतं. पण एका कारखान्याचं नशीब एकदा माझ्यापाशीच अडलं होतं आणि ते पुढं सरकलं तेही माझ्यापासूनच. याला कुणी बढाई म्हणालं तर खुशाल म्हणो. शेवटपर्यंत ऐका म्हणजे झालं.

पत्र्याच्या एका भल्या मोठ्या गुंडाळीतून माझा जन्म झाला. एका यंत्राने मला कापलं आणि दुसऱ्याने असं काही दाबलं की सपाट अंगाला बाक आला. मग आतला पत्रा बाहेरच्या पत्र्याला जोडला गेला, बिजागऱ्या बसल्या, कुलूप बसलं, काच बसली आणि शेवटी अंगावर आकाशी रंग चढला. रंगाच्या भट्टीतून बाहेर आलो तेव्हा मी इतका चकचकीत होतो की एक कारागीर माझ्यात बघून आपला भांग नीट करून गेला. त्या दिवशी मी मनातल्या मनात फार फुगलो होतो.

आमच्या कारखान्यात तीन मोटारी बनत. कागदोपत्री त्यांची भारी भारी नावं होती, पण कामगार त्यांना घरातल्या लेकी असल्यासारखं थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरली लांबलचक आणि ऐटबाज. मधली ना इकडची ना तिकडची. धाकटी लहानशी, चार माणसांची, अरुंद गल्लीतही एका दमात वळणारी. मी धाकटीचा. आणि खरं सांगू का, घर चालायचं ते धाकटीवरच. थोरलीचं कौतुक व्हायचं आणि धाकटी विकली जायची.

माझ्याबरोबर जन्मलेले सगळे दरवाजे मोटारींना लागले आणि रस्त्यावर निघून गेले. मला मात्र चाचणीखात्यात नेलं. तिथं एका लोखंडी घोडीवर धाकटीची चौकट उभी केली होती. तिच्यात मला बसवलं आणि समोर एक यंत्र आणून ठेवलं. त्या यंत्राला रबरी मूठ होती. दिवसभर ते मला उघडायचं आणि लावायचं, उघडायचं आणि लावायचं. मी नमुना झालो होतो. माझं जे होईल तेच उद्या रस्त्यावरच्या हजारो भावांचं होणार, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षात मी लाखभर वेळा लागलो, पण एकदाही कुरकुरलो नाही. रस्ता कधी पाहायला मिळाला नाही याचं वाईट मात्र वाटायचं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी मला तपासायला पट्टीबाई येत. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण सगळा कारखाना त्यांना पट्टीबाई म्हणे, कारण त्यांच्या अंगरख्याच्या खिशात कायम एक पातळ पोलादी पट्टी असायची. ती पट्टी त्या माझ्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत सरकवत आणि वरपासून खालपर्यंत फिरवत. फट सगळीकडे सारखी भरली तर माल पास, कुठं केसाएवढीही कमीजास्त भरली तर माघारी. "मी खोटं बोलेन, माझी पट्टी बोलणार नाही," असं त्या म्हणत. बाईंनी धाकटीचा पहिला आराखडा पाहिला होता, पहिली मोटार पास केली होती आणि तिच्यासाठी साहेबलोकांशी दहादा भांडण काढलं होतं. त्यांना पोरंबाळं नव्हती. धाकटीबद्दल त्या "आमची" म्हणूनच बोलत.

पुढं दिवस पालटले. इतर कारखान्यांच्या नव्या मोटारी बाजारात आल्या आणि आमची विक्री घसरू लागली. तेव्हा आवाजसाहेब पुढं आले. हे आमचे मुख्य आराखडेकार. मोटारीच्या आवाजाचं त्यांना भारी वेड, म्हणून हे नाव. त्यांनी सगळ्यांना माझ्याभोवती गोळा केलं.

"गिऱ्हाईक दुकानात गेल्यावर पहिल्यांदा काय ऐकतं? दार लागल्याचा आवाज," ते म्हणाले. "आवाज हलका, तर मोटार हलकी. आपल्या दाराचा आवाज डबा झाकल्यासारखा येतो. तो भारदस्त आला पाहिजे."

आणि त्यांनी माझ्या चौकटीभोवतीचं रबर बदललं. पहिलं रबर बेताचं होतं, हे चांगलं जाडजूड. त्यांनी मला लावलं आणि काय सांगू, 'थप्प' असा आवाज आला. तिजोरी बंद व्हावी तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीबाईंनी पट्टी फिरवली, फट अगदी जिथल्या तिथं. मग यंत्राने मला पुन्हा लाखभर वेळा लावलं आणि मी पुन्हा पास झालो.

मित्रांनो, मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते जाड रबर मला आत घेईना. प्रत्येक वेळी अंग चोरून, दात ओठ खाऊन आत घुसावं लागे. पण दरवाजाचं ऐकतो कोण? चाचणी संपली तशी माझी घोडी ढकलत नेऊन एका कपाटामागे उभी केली. तिथं दोन वर्षं काढली मी. येणारा जाणारा माझ्या मुठीला आपला अंगरखा अडकवायचा. एकाने तर छत्री अडकवली ती महिनाभर नेलीच नाही. लाख वेळा पास झालेला मी, आणि माझी खुंटी झाली.

कपाटामागून दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं. धाकटीबद्दल पत्रं येऊ लागली होती. सगळ्यांचं रडगाणं एकच, की दार नीट लागत नाही. कुणी लिहीत की तीन तीनदा ओढावं लागतं, कुणी लिहीत की चालता चालता दार अर्धवट लागल्याचा दिवा पेटतो. त्यावर लोकांनी आपलं मत करून टाकलं होतं की ही मोटारच कच्ची आहे. पट्टीबाई प्रत्येक पत्र घेऊन तयार मोटारींकडे जात, फट मोजत आणि मान हलवत परत येत. फट तंतोतंत होती.

आमच्याकडचे लोक म्हणू लागले, लोकांना दार लावता येत नाही त्याला आपण काय करणार? नाचता येईना, अंगण वाकडं.

त्यातच तीन महिन्यांपूर्वी नवे मोठे साहेब आले होते. माणूस हुशार, पण बाहेरचा. त्यांनी सगळे आकडे वाचले आणि फर्मान काढलं. गुरुवारी सकाळी बैठक, विषय एकच: धाकटी बंद करायची का? धाकटी बंद म्हणजे तिची अख्खी जुळणीची ओळ बंद, तिच्यावरची माणसं घरी, आणि नमुन्याचा दरवाजा भंगारात. हे मला बुधवारी सकाळी कळलं. माझा पत्रा गार पडला.

त्याच बुधवारी दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने पट्टीबाईंना निरोप धाडला, "त्या दारवाल्या आजी पुन्हा आल्यात."

या आजी म्हणजे एक म्हाताऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई. आकाशी रंगाची धाकटी त्यांनी हौसेनं घेतली होती आणि आता दर आठवड्याला ती घेऊन फाटकाशी येत होत्या. "माझं दार लागत नाही," त्या म्हणत. पहारेकरी उठून बाहेरून दार लावून दाखवी. थप्प. "लागलं की, आजी." आजी घरी जात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. पहारेकऱ्यांनी त्यांची थट्टाही चालवली होती.

पट्टीबाई त्या दिवशी आधीच वैतागलेल्या होत्या. त्यांनी आजींना सरळ चाचणीखात्यात आणलं, माझ्यावरचे अंगरखे काढून फेकले आणि मला कपाटामागून ओढून उजेडात घेतलं.

"हा बघा आमचा नमुना. लाखदा लावून पाहिलाय," बाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात पट्टी होती, दुसऱ्या हातात कागद होते. त्यांनी मला कमरेने एक धक्का दिला. थप्प. "लागला की नाही?"

आजींनी मान हलवली. "तू नको लावूस, बाई. मी लावते. आणि त्या फटीकडे नको बघूस, माझ्या हाताकडे बघ."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि मोटारीत बसतात तशा माझ्या आतल्या बाजूला बसल्या. जन्मभर कात्री चालवून त्यांचा अंगठा सुजलेला होता. त्यांनी माझी आतली मूठ धरली आणि ओढली. मी यायचा तेवढा आलो, रबराला टेकलो आणि अडकलो, अर्धवट. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा वेदनेने आकसला. मला इतकी लाज वाटली की रंग कच्चा असता तर उडाला असता, पण तो पक्का होता.

"आजी, जरा जोर..." पट्टीबाई म्हणाल्या.

"कुठला जोर? तू कमरेने लावलंस."

"सगळे तसंच लावतात आमच्याकडे. हातात हत्यारं असतात ना."

"तुम्ही बाहेर उभं राहून लावता ग," आजी म्हणाल्या. "मोटारीत बसल्यावर मी कंबर कुठून आणू?"

पट्टीबाईंनी आजींना हात देऊन उठवलं. मग स्वतः खुर्चीवर बसल्या, एका हाताने मला ओढलं आणि मी अडकलो. दुसऱ्यांदा ओढलं, मी अडकलो. मग त्यांनी ती पट्टी मांडीवर ठेवली आणि आपल्या हाताकडे पाहिलं. दिव्याखाली अंधार तो हाच. आमच्या कारखान्यात दोन वर्षं एकाही माणसाने धाकटीचं दार आत बसून, एका हाताने लावलेलं नव्हतं. ओळीवर दोन्ही हात भरलेले, म्हणून कंबर. तीच सवय सगळ्यांना लागली, पहारेकऱ्यापासून आवाजसाहेबांपर्यंत. आणि यंत्र? यंत्राचा जोर ठरवायला कामगारांचेच धक्के मोजले होते. त्या बिचाऱ्या रबरी मुठीलाही आमचीच कंबर शिकवली होती.

गुरुवारी सकाळी बैठकीच्या खोलीत लोक जमले तेव्हा मी टेबलाशेजारी उभा होतो. घोडीची चाकं करकरत मला लिफ्टमधून वर आणलं होतं, आणि शेजारी एक खुर्ची ठेवली होती.

"हे काय आहे?" मोठे साहेब म्हणाले.

"धाकटीचा दरवाजा, साहेब. तिच्याबद्दल बोलायचंय तर तिचं कुणीतरी हजर हवं," पट्टीबाई म्हणाल्या.

वाद सुरू झाला. विक्रीखात्याचे प्रमुख म्हणाले की धाकटीचं नाव बाजारात खराब झालंय, आता सगळा जोर थोरलीवर लावावा. आवाजसाहेब म्हणाले की धाकटीचा सांगाडाच जुना झालाय, दाराचं निमित्त आहे. कुणी म्हणालं मधलीला नवं नाक लावा, कुणी म्हणालं तिघींना नवे रंग द्या. दीड तास मोटारींच्या नाकाडोळ्यांवर चर्चा झाली. मोठे साहेब शेवटी म्हणाले, "म्हणजे धाकटी बंद करायला कुणाची हरकत नाही ना?"

"माझी आहे," पट्टीबाई म्हणाल्या. "पण आधी एक विनंती. साहेब, तुम्ही इथं बसून हा दरवाजा लावून दाखवाल?"

खोलीत खसखस पिकली. पण पट्टीबाईंना ठाऊक होतं ते इतर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्या साहेबांचं दार चालक उघडायचा आणि चालकच लावायचा. कारखान्याची सवय न लागलेला त्या खोलीत तो एकच हात होता.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी मला ओढलं. मित्रांनो, मी तसूभरही लबाडी केली नाही. जसा होतो तसा आलो आणि रबरावर अडकलो.

साहेबांनी भुवया उंचावल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा अडकलो. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले, तेव्हा कुठं मी लागलो, आणि त्यांचं घड्याळ मनगटावर फिरून उलटं झालं.

"साहेब, असं नव्हे," आवाजसाहेब घाईने उठले. "जरा इकडून, कमरेने..." आणि त्यांनी मला उघडून बाहेरून कमरेचा धक्का दिला. थप्प.

तो आवाज खोलीत नीट पसरला. मग कुणी हसलं नाही. आवाजसाहेब तसेच, कंबर तिरकी ठेवून उभे राहिले. त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

"दुकानात हे कसं लक्षात येत नाही?" साहेबांनी विचारलं.

विक्रीप्रमुखांचा चेहरा उतरला. "आमची माणसं अदबीने गिऱ्हाईकाला आत बसवतात," ते हळूच म्हणाले, "आणि दार बाहेरून लावतात."

"म्हणजे गिऱ्हाईक पहिल्यांदा दार लावतं ते घरी गेल्यावर."

"हो साहेब."

आता पट्टीबाई उभ्या राहिल्या. "चूक माझीही आहे. दोन वर्षं मी फट मोजली, हात मोजला नाही. लोक सांगत होते आणि आम्ही त्यांनाच हसत होतो. अंगणच वाकडं होतं, साहेब. आणि दुसरं ऐका. हेच जाड रबर गेल्या महिन्यापासून थोरलीला लागलंय. तिचं दार तर याहून जड. आज धाकटी बंद केलीत तर पुढच्या वर्षी हीच पत्रं थोरलीच्या नावाने येतील. मग तिलाही बंद करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? जुनं रबर लावा. धाकटीला सहा महिने द्या. तेवढ्यात सुधारली नाही तर मी स्वतः तिच्या बंदच्या कागदावर सही करीन आणि घरी जाईन."

मोठ्या साहेबांनी आवाजसाहेबांकडे पाहिलं. आवाजसाहेब अजून माझ्याशीच उभे होते. मला वाटलं आता हे रबराची बाजू घेणार. पण माणूस दिलाचा मोठा निघाला. त्यांनी माझ्या चौकटीतलं रबर एका टोकाला धरलं आणि तिथल्या तिथं सरसर ओढून काढलं.

"आवाज भारी होता," ते म्हणाले. "मोटार भारी नव्हती केली मी. द्या साहेब, सहा महिने द्या."

साहेबांनी सहा महिने दिले.

पुढचं सांगताना माझी छाती फुगते. धाकटीचं आणि थोरलीचं जाड रबर गेलं, जुनं बेताचं परत आलं. आधी विकलेल्या मोटारींच्या मालकांना पत्रं गेली की या, रबर बदलून घ्या, आणि आमची चूक झाली. ही शेवटची ओळ लिहायची की नाही यावर म्हणे अर्धा दिवस वाद झाला, आणि तो वादही पट्टीबाईच जिंकल्या. लोक आले. कुरकुरत आले आणि दार दोन दोनदा लावून बघत, हसत गेले. चौथ्या महिन्यात तक्रारींच्या फायलीत आठवडाभर एकही कागद आला नाही, तेव्हा ती सांभाळणाऱ्या कारकुनाला वाटलं टपालच बंद पडलंय. पाचव्या महिन्यात धाकटीची मागणी इतकी वाढली की तिच्या ओळीवर दुसरी पाळी सुरू झाली. सहाव्या महिन्यात मोठ्या साहेबांनी धाकटी बंद करण्याचा तो कागद मागवला, पट्टीबाईंच्या हाती दिला आणि म्हणाले, "करा सही." बाईंनी त्याचे चार तुकडे केले. अख्ख्या खात्याने टाळ्या वाजवल्या. मला हात नाहीत याचं तेवढं एकदाच वाईट वाटलं.

आणि मी? मला कपाटामागे परत ठेवलं नाही. माझी घोडी आता कारखान्याच्या दर्शनी दालनात आहे, शेजारी खुर्ची आहे. आमच्याकडे नवा नियम झालाय. त्याला सगळे 'बाहेरचा हात' म्हणतात. कुठलीही नवी मोटार पास करण्याआधी कारखान्याबाहेरची दहा माणसं आत बसून तिची दारं लावतात, काचा चढवतात, पट्टे ओढतात. आणि नव्याने कामाला लागणारा प्रत्येक माणूस, मग तो साहेब असो की झाडूवाला, पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसून मला एका हाताने लावतो. मग त्याला ही गोष्ट सांगतात. मी रस्ता पाहिला नाही खरा, पण आता रस्ताच माझ्याकडे येतो.

पहिला बाहेरचा हात कुणाचा होता, ते ओळखलं असेलच. आजी आल्या तेव्हा सगळं खातं जमलं होतं. त्या खुर्चीवर नीट बसल्या, सुजलेला अंगठा मिटून घेतला आणि नुसत्या दोन बोटांनी मला ओढलं.

टक.

इतकाच आवाज. डबा झाकल्यासारखा, माझा पहिला, जुना आवाज. मी लागलो होतो, पुरता.

आजी उठून बाहेर आपल्या मोटारीकडे गेल्या. तिच्या दाराच्या मुठीला त्यांनी ओढायला म्हणून कापडाची एक जाड नाडी शिवून लावली होती, दोन वर्षं त्या तिच्याने दार ओढत होत्या. ती त्यांनी सोडली, आत आणली आणि माझ्या मुठीला बांधली. "आता मला नको ही," त्या म्हणाल्या, "हिला तूच सांभाळ." पट्टीबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. ती नाडी अजून माझ्या मुठीला आहे. रंग विटलाय, पण टाका एक उसवलेला नाही.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एवढंच मागणं. तुमच्याही घरात एखादं दार असेल, जे जरा उचलून लावावं लागतं. एखादा नळ असेल, जो दोनदा पिळावा लागतो. तुम्हाला त्याची सवय झालीय, म्हणून ते ठीक आहे असं समजू नका. पाहुणा आला आणि त्याला ते दार लागलं नाही तर त्याला हसू नका. उठा, त्याच्या हाताकडे बघा, आणि दार दुरुस्त करा.

आणि कधी इकडे आलात तर बसा माझ्या शेजारी. दोन बोटं पुरतात.